मंडळ पिण्याचें आणि मंडळ सोडण्याचें

गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें आमचा सुशिक्षित वर्ग सुधाकराच्या अधःपातावर अश्रु ढाळीत आला आहे. पण त्या नाटकांतील एका गोष्टीचा विचार आम्हीं कधीं मनापासून केला नाहीं. पिण्यासाठीं तळीरामानें तेथें एक मंडळच काढलें होतें. सोडण्यासाठीं मात्र सुधाकर अगदीं एकटा होता. त्याच्याजवळ पतिव्रता होती, मित्र होता, शपथ होती. नव्हता तो एवढाच : प्याला स्वतः ओठांशीं नेऊन मग खालीं ठेवलेला माणूस.

आमचा वाद याच ठिकाणीं आहे. दारू ‘मनाच्या निग्रहानें’, घरच्या चार भिंतींआड, कोणाच्या कानांवर न जातां सोडावी, हें आमच्या घराण्यांचें लाडकें तत्त्व होऊन बसलें आहे. तें ऐकावयास भारदस्त आहे. परंतु त्याच्यापायीं माणसें मरतात. हें मी ऐकीव सांगत नाहीं. माझा एक मामेभाऊ वर्षानुवर्षें पीत असे. कोणीं तरी सांगितल्यावरून तो एका शाळेच्या खोलींत भरणाऱ्या अशा लोकांच्या सभेला चार वेळां गेला. घरांत हलकल्लोळ झाला. ‘दारुड्यांच्या पंगतींत बसून घराण्याचें नांव घालवणार काय?’ असें वडीलधारे म्हणाले; आणि ‘तुझ्यासारख्या शिकलेल्याला असल्या कुबड्या कशाला? मन घट्ट कर,’ असें मीं त्याला सुनावलें. त्यानें सभा सोडली; दारू कांहीं सुटली नाहीं. पुढें यकृताच्या विकारानें तो गेला. सभेला जात राहता तर तो वांचलाच असता, असें मी म्हणत नाहीं. पण ती वाट बंद करणाऱ्यांत माझा हात होता, एवढें खरें.

मुळांत ही कल्पना उपदेशकांच्या डोक्यांतून निघालेलीच नाहीं. १९३५ सालीं बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील गृहस्थ कामानिमित्त ॲक्रन गांवीं गेला. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. काम फसलें आणि पुन्हां पिण्याची ओढ लागली. तेव्हां त्यानें उपदेश मागितला नाहीं. दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताची गांठ मागितली. तो भेटला, तो डॉ. बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य. डॉक्टरांचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा मानतात, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघाचा जन्मदिवस. यांतील मर्म असें कीं, विल्सन दुसऱ्याला तारावयास गेला नव्हता; आपण बुडूं नये म्हणून गेला होता. उपदेशक नेहमीं काठावर उभा असतो. येथें दोघेही एकाच पाण्यांत होते. मुंबईंत हा संघ १९५७ सालीं आला. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ काढलें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला अब्रूचा. या संघांत आडनांव विचारीत नाहींत, वर्गणी नाहीं, नोंदवही नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. आणि अब्रू म्हणाल, तर जिन्यावरचीं अडखळतीं पावलें शेजाऱ्यांनीं कधींच ओळखलेलीं असतात. गुपित राहतें तें फक्त आमच्या कल्पनेंत!

दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा : तेथें ईश्वराचें नांव घेतात. घेतात खरे, पण ‘आम्हांला जसा उमगला तसा ईश्वर’ अशी मोकळीक १९३९ सालच्या त्यांच्या ग्रंथांतच ठेवलेली आहे. बुडणाऱ्यानें दोराच्या जातीवरून वाद घालावा, ही कसली बुद्धि?

तिसरा आक्षेप गुणाचा, आणि तोच काय तो विचारार्ह. २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें २७ अभ्यास व १०,५६५ माणसें यांचा आढावा प्रसिद्ध केला. या संघाकडे पद्धतशीरपणें वळविलेल्या रुग्णांत अखंड वर्ज्य पाळण्याचें प्रमाण इतर मान्य उपचारांहून अधिक आढळलें. सर्वच बरे होतात असा याचा अर्थ नव्हे. पण ‘कुबडी’ म्हणून हिणवण्याचा अधिकार आम्हांला उरत नाहीं. एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, क्वचित् प्राणही जातो. म्हणून आधीं वैद्य आणि त्याच्या जोडीला सभा. यांत विरोध कोठेंच नाहीं.

शेवटीं घरच्या मंडळींस एकच सांगणें आहे. पिणाऱ्याच्या कुटुंबियांसाठींही ‘अल्-ॲनॉन’ नांवाचा निराळा संघ १९५१ पासून चालत आला आहे. रडावयाचें तें तेथें जाऊन रडावें, आणि सावरावेंही तेथेंच. आणि घरांतला कोणी एखाद्या संध्याकाळीं चपला घालून ‘सभेला जातों’ म्हणाला, तर त्याला तेथें कोण कोण येतात हें विचारूं नये. त्याचें पान झांकून ठेवावें, आणि दाराची कडी काढून ठेवावी.