अनिकेत जाधव वर चढला, शिडीचं काय झालं?

एक छोटी चाचणी घेऊन बघा. ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमधल्याला विचारा, बार्सिलोनाचा लामिन यमाल माहीत आहे का? माहीत असतोच. वर २०२४ च्या युरो कपमध्ये त्याने फ्रान्सविरुद्ध मारलेला गोल हातवारे करून दाखवतील. मग विचारा, अनिकेत जाधव कोण? बहुतेक वेळा उलट प्रश्न येतो, "कुठल्या प्रोजेक्टवर आहे?"

तर मंडळी, अनिकेत जाधव कोल्हापूरचा. जन्म २००० सालचा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुण्याला आला, पुणे एफसीच्या अकादमीत घडला आणि २०१७ मध्ये आपल्याकडे सतरा वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल विश्वचषक झाला तेव्हा भारताकडून फॉरवर्ड म्हणून खेळला. त्या एकवीस जणांच्या संघात आठ पोरं एकट्या मणिपूरची होती. ज्या राज्याची लोकसंख्या आपल्या नाशिक जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही, त्या राज्याची आठ! महाराष्ट्राची इज्जत या कोल्हापूरच्या पोराने राखली म्हणायला हरकत नाही.

पुढे तो इंडियन अ‍ॅरोज या संघातून आय-लीग खेळला. नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नई सिटीविरुद्धच्या अ‍ॅरोजच्या पहिल्याच मॅचमध्ये त्याने दोन गोल मारले. मग जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल असे मोठे क्लब झाले. २०२१-२२ चं आयएसएल विजेतेपद जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात तो होता आणि मार्च २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघातही त्याची निवड झाली. अकादमीतून व्यावसायिक फुटबॉलपर्यंतचा प्रवास म्हणतात तो हाच.

अशा गोष्टी आपल्याला एका ठरावीक पद्धतीने ऐकायला आवडतात. पोरगा साध्या घरातला, अंगात जिद्द, आई-वडिलांचे कष्ट, एक दिवस कुणाची तरी नजर पडते आणि गाडी सुसाट. त्यात खोटं काही नसतं. पण मला इंजिनिअर असल्यामुळे एक वाईट सवय लागली आहे. एखादी गोष्ट एकदा चालली की माझा पहिला प्रश्न असतो, हे पुन्हा चालेल का? तीच प्रोसेस, तोच इनपुट दिला तर दुसरा अनिकेत तयार होईल का?

म्हणून एका शनिवारी त्याच्या प्रवासाच्या पायऱ्या कागदावर मांडल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, ही आज आहे का.

पहिली पायरी क्रीडा प्रबोधिनी. आहे. सरकारी आहे म्हणून आहे.

दुसरी, पुणे एफसी. हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला, अशोक पिरामल ग्रुपचा. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. त्यांची मामुर्डीची अकादमी तर देशातल्या चांगल्या अकादम्यांमध्ये मोजली जायची. २०१५ मध्ये क्लबाने व्यावसायिक फुटबॉलमधून अंग काढून घेतलं. अनिकेत तेव्हा पंधरा वर्षांचा.

तिसरी, विश्वचषकाचा संघ. ही पायरी मुळात एकदाच तयार झाली होती. यजमान म्हणून भारताला आपोआप प्रवेश होता, त्यामुळे फेडरेशनने देशभरातून पोरं गोळा करून काही वर्षं एकत्र तयार केली. बाकी वर्षी जन्मलेल्या पोरांनी काय करायचं, हा प्रश्नच नको.

चौथी, इंडियन अ‍ॅरोज. तरुण पोरांना मोठ्या लीगमध्ये खेळायला मिळावं म्हणून फेडरेशनने हा संघ २०१० मध्ये काढला, २०१३ मध्ये बंद केला, २०१७ मध्ये विश्वचषकाच्या पोरांसाठी पुन्हा सुरू केला आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद केला.

पाचवी, हैदराबाद एफसी. याची तर गंमतच आहे. पुण्याचा आयएसएल संघ एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. म्हणजे पुण्यात घडलेल्या पोराने आयएसएलचा कप जिंकला तो पुण्याच्या जागी आलेल्या संघाकडून! आणि तो हैदराबादचा संघसुद्धा २०२५ मध्ये दिल्लीला गेला.

पाचपैकी एक पायरी शिल्लक. पोरगा वर पोचला, पण त्याच्या मागून येणाऱ्याने कुठून चढायचं? मला अनिकेतच्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते आणि ती कुठल्याच कौतुकाच्या लेखात येत नाही.

बरं, पुणे एफसी हे एकटं उदाहरण नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये क्लब बंद. भारत एफसी पुण्यात एक हंगाम खेळला, २०१४-१५ चा, आणि संपला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळले, मग तेही गेले. यातले बहुतेक क्लब म्हणजे कुणा ना कुणा कंपनीच्या खर्चाच्या पत्रकातली एक ओळ. कंपनीचे दिवस बरे असले की ओळ राहते, दिवस फिरले किंवा मोठ्या साहेबांचं मन फिरलं की ओळ कापली जाते. आपण आयटीवाले, आपल्याला हे नव्याने सांगायला नको. चांगला चाललेला प्रोजेक्ट एका मेलवर बंद होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फरक एवढाच की आपण बेंचवर जातो, दोन महिन्यांत दुसरा प्रोजेक्ट मिळतो. पंधरा वर्षांच्या पोराला बेंच नसतो. त्याची दोन वर्षं गेली की गेली.

आता याच्या बरोबर उलटं चित्र बघायचं तर कोल्हापूर. तिथला फुटबॉल कुणा कंपनीचा नाही, तो पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ... मूळ कुस्तीच्या तालमी, त्यांचे फुटबॉल संघ. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की हजारोंनी लोक येतात, पेठेची इज्जत पणाला लागल्यासारखे ओरडतात. (कधीकधी जरा जास्तच ओरडतात आणि मग पोलिसांना काम लागतं, ते सोडा.) महत्त्वाचं हे की असा क्लब कुणी एका मेलवर बंद करू शकत नाही. बंद करायचा तर अख्खी पेठ अंगावर घ्यावी लागेल!

पण मग कोल्हापूरच्या पोराला पुण्याला का जावं लागलं? कारण तिथे मुळं आहेत, शिडी नाही. मोठ्यांची स्पर्धा जोरात, पण बारा-तेराव्या वर्षापासून देशपातळीपर्यंत पोराला हाताला धरून नेणारी व्यवस्था पेठेच्या बळावर उभी राहत नाही. पुण्यात शिडी होती, पण तिला मुळं नव्हती. मालक हलला तशी ती हलली. कोल्हापूरची निष्ठा आणि पुण्याची अकादमी काही वर्षं एका पोराच्या आयुष्यात योगायोगाने एकत्र आल्या, म्हणून अनिकेत घडला. माझं म्हणणं एवढंच, की असा योगायोग म्हणजे व्यवस्था नव्हे.

कुणी म्हणेल, युरोपातले क्लबही खाजगीच असतात, तिथे कसं चालतं? त्याचं एक उत्तर पैशाच्या रचनेत आहे. फिफाचा नियम असा, की खेळाडू करार चालू असताना एका देशातल्या क्लबाकडून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला तर त्या रकमेचे ५ टक्के, त्याला १२ ते २३ या वयात ज्या क्लबांनी शिकवलं त्यांच्यात वाटायचे. १२ ते १५ वयाच्या प्रत्येक वर्षाला रकमेचा पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे १ कोटीचा व्यवहार झाला आणि पोरगा ती पहिली चार वर्षं तुमच्या गल्लीतल्या क्लबात होता, तर क्लबाला १ लाख मिळणार. रक्कम लहान वाटेल, पण खेळाडू मोठा झाला की व्यवहारही मोठे होतात. गावातल्या क्लबाला पोरं घडवण्यात स्वतःचा फायदा दिसतो, म्हणून तो टिकतो. आपल्याकडे खेळाडूंचे व्यवहार बहुतेक देशातल्या देशात, आणि पोराला घडवणारा क्लब तोपर्यंत जिवंत असेल याची खात्री नाही. वारसच नसेल तर वाटणी कुणाला करणार?

असो. आता नाशिकचं बघू, कारण राहतो आपण इथे.

नाशिकमध्ये फुटबॉलची हौस कमी नाही. रात्री अकरा वाजता टर्फवर जागा मिळत नाही, आपल्यातलेच निम्मे लोक तिथे पोट आत ओढून धावत असतात. वीकेंडच्या अकादम्याही भरपूर निघाल्यात. फी, दोन जर्सी, किट बॅग आणि इन्स्टाग्रामवर फोटो. माझ्या एका सहकाऱ्याचा अकरा वर्षांचा पोरगा अशा ठिकाणी जातो. चांगला खेळतो, डाव्या पायाचा आहे. मी सहज विचारलं, वर्षभरात खऱ्या मॅचेस किती झाल्या? म्हणजे अनोळखी संघाविरुद्ध, पंच वगैरे असलेल्या? बाप-लेकाने मिळून आठवून सांगितलं, सात.

सात! बाकी वर्षभर कोनांभोवती चेंडू फिरवणं. या वेगाने बारा ते सतरा या पाच वर्षांत त्याच्या पस्तीस मॅचेस होतील. ज्या ठिकाणी वयोगटाची नियमित लीग असते तिथला पोरगा वर्षाला तीस जरी खेळला, तरी तेवढ्याच काळात दीडशे खेळेल. कितीही ट्युटोरियल्स बघा, प्रॉडक्शनला कोड गेल्याशिवाय प्रोग्रामर होत नाही. फुटबॉलचंही तसंच.

आणि नाशिकला शिडी बांधता येत नाही असं अजिबात नाही. आपण ती बांधून दाखवलीय, फक्त धावण्याच्या खेळात. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. ती एकटी असती तर योगायोग म्हटलं असतं. पण तिच्या मागून मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली आणि संजीवनी जाधवने त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचं ब्राँझ मिळवलं. तिघींचे प्रशिक्षक एकच, विजेंदर सिंग. तिघी याच शहरात सराव करून मोठ्या झाल्या. एक चांगला कोच वर्षानुवर्षं एका जागी टिकला, सोबत धावणाऱ्यांचा एक गट तयार झाला आणि धाकट्यांना रोज सकाळी मोठ्यांच्या मागे धावायला मिळालं. चकाचक इमारत लागली नाही. सातत्य लागलं.

मग फुटबॉलसाठी काय करता येईल? माझं उत्तर अगदी साधं आहे. आणखी एक अकादमी नको, एक लीग हवी. तेरा वर्षांखालच्या पोरांचे दहा संघ घ्या. शाळा, अकादम्या, सिडको-सातपूरच्या मंडळांचे संघ, आदिवासी आश्रमशाळांचे दोन संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. झाल्या नव्वद मॅचेस, प्रत्येक पोराला अठरा. दर रविवारी एका मैदानावर तासाच्या पाच मॅचेस घेतल्या तर अठरा रविवारांत लीग संपते. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात सुरू करा, फेब्रुवारीत संपवा. खर्च काय? मैदानाचं भाडं, पंच, चेंडू, प्रथमोपचार, आणि आश्रमशाळेच्या पोरांना आणायला गाडी.

आपल्या कंपन्या सीएसआरच्या नावाखाली एक दिवसाचा "फुटबॉल फेस्ट" करतात. टी-शर्ट, मंडप, डीजे, पाहुणे. सरकारनेही २०१७ मध्ये विश्वचषकाच्या आधी राज्यभरात एका दिवशी दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवला होता. कल्पना छान होती, पण सोळा सप्टेंबरला त्या पोरांनी काय करायचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मंडपाच्या पैशात अठरा रविवार निघत असतील तर मी रविवार घेईन.

फक्त एक अट. ही लीग कुठल्याच एका कंपनीच्या नावावर नको. पाच-सहा कंपन्या, शाळा, पालकांची वर्गणी असं थोडं थोडं सगळ्यांचं असू दे, म्हणजे एक जण उठून गेला तरी गाडी चालू राहील. ज्याला आपण रोज ऑफिसात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणून नावं ठेवतो, तेच पोरांच्या आयुष्यात कशाला ठेवायचं?

वरच्या मजल्यावर काय चाललंय ते आपल्या हातात नाही. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही आणि पगार घेणारे खेळाडूसुद्धा वाट बघत बसले. पण तेरा वर्षांच्या पोराला दर रविवारी एक मॅच मिळायला दिल्लीची परवानगी लागत नाही. त्या डाव्या पायाच्या पोराला येत्या ऑक्टोबरात तेरावं लागायला अजून अवकाश आहे. एक अख्खा हंगाम त्याच्या हाताशी आहे. मैदान आणि दहापैकी चार संघ कुठे मिळतील याची चौकशी मी सुरू केलीय. तुमच्या सोसायटीत, शाळेत, कंपनीत एखादा संघ निघत असेल तर मला कळवा. बाकीचं एक्सेल शीटमध्ये बसवू.