आधी शिक्षक, मग रोबोट : स्वमग्न मुलांच्या नावावरचा पैसा कुणाकडे जाणार?

स्वमग्न मुलांना शिकवायला रोबोट वापरावेत आणि त्यासाठी सरकारने पैसा द्यावा, ही मागणी जगात आता नवी राहिलेली नाही. युरोपियन युनियनने ‘ड्रीम’ आणि ‘डी-एनिग्मा’ या प्रकल्पांना सार्वजनिक निधी दिला. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याच्या सरकारी शाळांत ‘माइलो’ नावाचा रोबोट मुलांसमोर उभा राहिला. आपल्या जिल्हा परिषद शाळांपर्यंत ही लाट अजून आलेली नाही. पण टॅब आणि ‘स्मार्ट क्लासरूम’ ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हेही येईल. म्हणून खरेदीची निविदा निघायच्या आधीच आंबेडकरी तरुणांनी या प्रश्नावर भूमिका घेतली पाहिजे.

“हा आपला विषय आहे का?” असे काही मित्र विचारतात. आहे! स्वमग्नता जात पाहून येत नाही. पण तिचे निदान मात्र जात आणि वर्ग पाहूनच होते. शहरातल्या सुखवस्तू घरात मूल दोन वर्षांचे होऊनही हाकेला वळून पाहत नसेल, तर आईवडील बालरोगतज्ज्ञ गाठतात. आपल्या वस्तीत “बाप पण उशिराच बोलला होता” म्हणत वर्षे जातात. मग देवऋषी, अंगारा, गंडा. शाळेत “वेडसर” हा शिक्का आणि मागचा बाक. आई धुणीभांडी करणारी किंवा सफाई कामगार असेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या प्रत्येक खेपेला तिचा रोज बुडतो. वरून “मागच्या जन्मीचे पाप” हे ऐकून घ्यावे लागते ते वेगळेच. ज्या कर्मविपाकाच्या सिद्धांताने आपल्या पूर्वजांची अस्पृश्यता त्यांच्याच माथी मारली, तोच सिद्धांत आज या आयांच्या माथी मारला जातो. हे आपण ओळखायचे नाही, तर कुणी ओळखायचे?

सरकारच्या नोंदीतही ही मुले उशिरा आली. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०११ च्या जनगणनेत तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, तेव्हा ती त्या यादीत आली. ज्यांची मोजणीच नाही, त्यांच्या नावाने होणारी खरेदी कुणाच्या सोयीची होईल, हे सांगायला नको.

आता रोबोटची बाजूही प्रामाणिकपणे पाहू. अनेक स्वमग्न मुलांना माणसाचा चेहरा, बदलणारा आवाज, अचानक होणारे हावभाव यांचा ताण येतो. रोबोट एकच वाक्य, एकाच सुरात, शंभर वेळा न चिडता म्हणतो. नक्कल करणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसरा जिकडे पाहतो तिकडे पाहणे, चेहऱ्यावरचा राग किंवा आनंद ओळखणे, अशा गोष्टींचा सराव त्याच्यासोबत काही मुलांना सोपा जातो. हे नाकारण्याचे कारण नाही. पण आजवरचे बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवरचे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. रोबोटसमोर शिकलेले मूल घरी, अंगणात, दुकानात वापरते का, याचा भक्कम पुरावा अजून कमी आहे. शिवाय जवळपास प्रत्येक प्रयोगात रोबोटच्या शेजारी प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. तो माणूस आपल्या शाळेत आहे का? खरा प्रश्न इथून सुरू होतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सांगितले की, सरकार स्वतःचे निकष ठरवेपर्यंत स्वमग्न, बौद्धिक अक्षम आणि अध्ययन अक्षम अशा पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. पुढे केंद्राने निकष केला तो प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक, असा! तेवढीही पदे न भरल्याने मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजवावे लागले. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षक पदांचा निर्णय घेतला. म्हणजे एका केंद्राला एक शिक्षक, आणि केंद्राखाली किती शाळा असतात हे गावातल्या कुणालाही विचारा. जे विशेष शिक्षक वर्षानुवर्षे गावोगाव फिरले, ते तुटपुंज्या मानधनावर, कंत्राटी म्हणून फिरले.

पैशाचा हिशोब पाहा. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या एका मुलासाठी वर्षाला ३,५०० रुपये धरले जातात. परदेशी बनावटीचा एक चांगला रोबोट लाखांत जातो. तो सात लाखांचा धरला, तर दोनशे मुलांचा वर्षभराचा पैसा एका कपाटात बंद होतो. कपाटात म्हणतो ते उगाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुलांशी बोलणारा ‘मॉक्सी’ रोबोट बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने बंद होत असल्याचे जाहीर केले. त्याचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरवर चालत असल्याने विकत घेतलेला रोबोटही गप्प होणार, हे पालकांना मुलांना समजावून सांगावे लागले. स्वमग्नतेवरच्या प्रयोगांत सर्वाधिक दिसणारा ‘नाओ’ रोबोट बनवणारी फ्रेंच कंपनी अल्देबरान २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. श्रीमंत देशांतली ही गत. मग मेळघाटातल्या शाळेत यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कोण येणार? आणि घरात अहिराणी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाशी ते कोणत्या भाषेत बोलणार?

सरकारी पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर खर्च होतो, हा प्रश्न विचारण्याची आपली परंपरा जुनी आहे. १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मांडले की, महसूल भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. मार्च १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात हिशोब मांडला : सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. आपणही आकडेच मागायचे आहेत.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. गांधीवादाच्या यंत्रविरोधावर बाबासाहेबांनी कठोर टीका केली होती. यंत्र माणसाला कष्टातून मोकळे करू शकते, हे ते जाणत होते. चांगले तंत्रज्ञान महागड्या खासगी थेरपी केंद्रात राहावे आणि आपल्या मुलांना खडू-फळाच पुरे, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमचे म्हणणे क्रमाचे आहे. शिक्षक हा त्या मुलाचा कायदेशीर हक्क आहे, रोबोट हे त्या शिक्षकाच्या हातातले साधन आहे. हक्क थकीत ठेवून साधन खरेदी करणे म्हणजे जबाबदारीतून पळ काढणे.

आणखी एक गोष्ट. अनेक रोबोट मुलाला डोळ्यांत डोळे घालून बघायला, ‘नॉर्मल’ वागायला शिकवतात. जगभरातल्या स्वमग्न प्रौढांनी याला हरकत घेतली आहे. बदलायचे ते आम्हीच का, असे ते विचारतात. हा सवाल आपल्या ओळखीचा आहे. आपल्यालाही “सुधारा, मग जवळ घेऊ” असेच सांगितले गेले होते. आमच्याशिवाय आमच्याबद्दल निर्णय नको, ही दिव्यांग चळवळीची घोषणा आणि स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडण्याची बाबासाहेबांची मागणी, दोन्ही एकाच मातीतल्या आहेत.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. मंजूर झालेली विशेष शिक्षकांची सर्व पदे आधी भरा, कायमस्वरूपी आणि आरक्षणासह.

२. प्रयोग करायचाच असेल तर सरकारी शाळेत, ग्रामीण आणि आदिवासी भागात करा. निष्कर्ष मराठीत जाहीर करा.

३. खरेदीच्या समितीत स्वमग्न व्यक्ती आणि वस्तीतले पालक असलेच पाहिजेत.

४. मुलांचे चेहरे, आवाज यांची माहिती कंपनीच्या ताब्यात जाता कामा नये.

५. यासाठी अनुसूचित जाती घटक योजनेचा एक रुपयाही वळवू नका.

मित्रांनो, काम आजपासून सुरू करता येईल. आपल्या तालुक्यात विशेष शिक्षकांची किती पदे मंजूर आहेत आणि किती भरली, हे माहिती अधिकारात विचारा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत बसा. आणि वस्तीतल्या ज्या मुलाला “वेडसर” म्हणून घरी बसवले आहे, त्याच्या आईसोबत एकदा जिल्हा रुग्णालयात जा. त्या दिवशीचा तिचा रोज बुडू नये, याची सोय मंडळाने करावी.

जय भीम! जय संविधान!