संगीताची पदवी : सूर जुळले, हिशेबाचे काय?

बारावीचा निकाल लागला की शहरांतील अनेक मध्यमवर्गीय घरांत एक वाद ठरलेला असतो. मुलगी लहानपणापासून गाणे शिकते आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'मध्यमा'पर्यंतच्या परीक्षा तिने दिल्या आहेत, त्यांचे वाढीव गुणही दहावीला मिळाले आहेत. आता तिला संगीतातच पदवी घ्यायची आहे. 'गाणे जरूर शीक, पण आधी पोटापाण्याचे बघ', हे वडीलधाऱ्यांचे उत्तर असते. त्यामागे कलेविषयी अनादर नसतो, भीती असते. ती कितपत साधार आहे, हे आता आकडेमोड करूनच तपासले पाहिजे.

हा प्रश्न आजचा नाही. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. दरबारी आश्रयावर जगणारी विद्या त्यांनी वर्ग आणि परीक्षांच्या मार्गाने सामान्यांच्या घरात मानाने आणली. मात्र ज्या संस्थेने संगीत शिक्षकांची पिढी घडवली, तिची मुंबईतील वास्तू कर्जापायी लिलावात गेली. संगीत शिक्षणाला प्रतिष्ठा मिळाली, पण त्याचे अर्थकारण तेव्हाही सुटले नव्हते.

खर्चाचा विचार करताना पालकांची नजर प्रथम शुल्काकडे जाते. अनुदानित महाविद्यालय किंवा विद्यापीठाच्या विभागातील शुल्क अभियांत्रिकी वा वैद्यकीय शिक्षणाच्या तुलनेत बरेच कमी असते. खरा खर्च इतरत्र असतो. वाद्य, गुरूंकडील स्वतंत्र तालीम आणि परगावच्या विद्यार्थ्याचा राहण्याखाण्याचा खर्च हा त्याचा एक भाग झाला. दुसरा, आणि अधिक मोठा भाग वेळेचा. समजा, पदवीनंतर एखादा तरुण दरमहा १५ हजार रुपयांची नोकरी पत्करू शकतो, पण त्याऐवजी तो दोन वर्षे संगीतात एम.ए. करतो. या काळात त्याने ३ लाख ६० हजार रुपयांच्या मिळकतीवर पाणी सोडलेले असते. शुल्काच्या पावतीवर ही रक्कम दिसत नाही, पण घराच्या जमाखर्चात ती जाणवतेच.

आता मिळकतीची बाजू. मैफलीच्या बिदागीवर संसार चालवणारे कलावंत थोडेच. बहुतेकांचा आधार शिकवण्या हाच असतो. दरमहा हजार रुपये देणारे वीस विद्यार्थी जमले आणि परीक्षा व सुट्ट्यांचे दोन महिने वजा केले, तर वर्षाला दोन लाख, म्हणजे महिन्याला सरासरी साडेसोळा हजारांच्या आसपास रक्कम हाती येते. त्यातूनच जागेचे भाडे आणि तबलजीचे मानधन द्यायचे. अशा शिकवणीसाठी पालक पदवी विचारत नाहीत; 'विशारद' आणि गुरूंचे नाव पुरते.

म्हणजे पदवीची खरी किंमत ठरते ती एकाच ठिकाणी, अध्यापनाच्या कायम नोकरीत. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७ हजार ७०० रुपये आहे. त्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि 'नेट' किंवा 'सेट' लागते. शिकवणी आणि हे वेतन यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. अडचण अशी की ही दारे अरुंद आहेत. राज्यातील महाविद्यालयांत अनेक पदे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावर काम भागवले जाते. शालेय स्तरावरही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शंभरहून अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळांसाठी कला शिक्षणाचा निदेशक सांगितला, पण तोही अंशकालीन.

यामुळेच मोठ्या कलावंतांनीही उपजीविकेचा दुसरा मार्ग धरलेला दिसतो. वसंतराव देशपांडे यांनी अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. विज्ञान व कायद्याच्या पदवीधर असलेल्या प्रभा अत्रे यांनी आकाशवाणीत आणि पुढे एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागात काम केले. त्यांचे गाणे नोकरीमुळे थांबले नाही, उलट नोकरीने त्यांना रियाजापुरती निश्चिंती दिली.

अशी निश्चिंती सर्वांना लाभत नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती दरमहा ५ हजार रुपयांची, दोन वर्षांसाठी आहे. वर धरलेल्या पगाराच्या ती एक तृतीयांश भरते. उरलेला भार घर उचलू शकत असेल, तोच विद्यार्थी टिकतो. दरबारातून बाहेर काढलेली ही विद्या आता सुखवस्तू घरांपुरतीच उरण्याचा धोका यात आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलाशिक्षणाला महत्त्व देण्यात आले आहे. तथापि शिक्षकांच्या जागा भरल्या नाहीत, तर ते कागदावरच राहील. विद्यापीठांनीही राग-तालांच्या जोडीने करारपत्रे, ध्वनिमुद्रण आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने मिळालेले स्वामित्वधनाचे हक्क शिकवायला हवेत. पालकांनी मात्र पदवी आणि तालीम यांचा हिशेब वेगळा मांडावा. अध्यापन करायचे असेल तर पदवी आवश्यक आहे. केवळ मैफलीसाठी घ्यायची असेल, तर सोबत अर्थार्जनाचे दुसरे साधन ठेवणेच शहाणपणाचे. गाणे आयुष्यभर टिकवायचे असेल, तर घरचा जमाखर्चही तितकाच काळ जुळावा लागतो.