सोफा ग्राहकाचा, पाय विक्रेत्याचे

मनोरीहून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मॉलमध्ये कामाला जायचे तर आधी बोटीने खाडी ओलांडून मार्वे गाठायचे, तिथून बस किंवा रिक्षाने मालाड स्टेशन आणि मग लोकल. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये बसायला मिळणे नशिबाचेच. दुकानाचे शटर वर जाण्याआधीच पाय दमलेले असतात, आणि खरी उभी नोकरी त्यानंतर सुरू होते.

महागड्या ब्रँडच्या दालनात सोफा असतो, पण ग्राहकासाठी. दालन रिकामे असले तरी विक्रेत्याने ताठ उभे राहावे, अनेक ठिकाणी उंच टाचांच्या किंवा कडक चामड्याच्या बुटांत, अशी अपेक्षा असते. बसलेला माणूस आळशी दिसतो म्हणे! आपल्या जुन्या साडीच्या दुकानांत गादीवर बसून साड्या उलगडणारा विक्रेता कधी कुणाला उद्धट वाटला नव्हता.

शरीराचे गणित वेगळे आहे. पायांतले रक्त हृदयाकडे परत चढवण्याचे बरेचसे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, सैल होतात आणि रक्त वर ढकलले जाते. स्तब्ध उभे राहिले की हा पंप थांबतो. त्या वेळी पावलांच्या नीलांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालताना तोच साधारण ३०च्या खाली उतरतो. वर्षानुवर्षे हा दाब राहिला की नीलांच्या झडपा कमकुवत होतात, पाय सुजतात, शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. आनुवंशिकता, गर्भारपण आणि वजन यांचाही यात वाटा असतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात सुमारे ७,३०० कामगारांवर १२ वर्षे लक्ष ठेवून केलेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळला. अशा अभ्यासातून कारण पक्के सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करावे असा हा आकडा नाही.

कारखान्यातल्या कामगाराला बसण्याची सोय द्यावी, असे १९४८चा कारखाने कायदा सांगत होता. दुकानांना तो लागू नव्हता. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी विजी पेनकूट्टू यांच्या पुढाकाराने लढा दिला, तेव्हा केरळने २०१८मध्ये आपल्या दुकाने कायद्यात बसण्याचा हक्क घातला. तमिळनाडूने २०२१मध्ये तेच केले. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने कायद्यात कामाचे तास आणि विश्रांती यांचे नियम आहेत, पण असा स्वतंत्र हक्क नाही. केंद्राच्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मात्र उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे.

दरम्यान, सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांसाठी रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास, आणि विश्रांतीआधी सलग काम करण्याची मर्यादा पाचवरून सहा तास करायला मंजुरी दिली.

नुसती खुर्ची ठेवून भागत नाही. मॅनेजरची नजर आणि कॅमेरा असताना तिच्यावर कोण बसणार? ग्राहक नसेल तेव्हा बसा, अधूनमधून चार पावले चाला, सपाट बूट चालतील, हे व्यवस्थापनानेच बोलून दाखवावे लागते. संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटत असतील, घोट्याजवळची कातडी काळपट होत असेल, तर मात्र सुट्टीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखू लागले, तर त्याच दिवशी.