शिक्षेचं माप कुठे आहे?

मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देश संतापला, आणि ते योग्यच होतं. पण तेव्हापासून समाजसेवेची शिक्षा म्हटलं की लोक हसतात. हे हसणं मला मान्य नाही. तो निबंध शिक्षा नव्हतीच, जामिनाची अट होती.

खरी शिक्षा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आली. सहा गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा. त्यातला एक आपल्या मोहल्ल्याच्या अगदी जवळचा: पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंग नाही, सेवा. एकोणीस वर्षांचा पोरगा तुरुंगातून काय शिकून येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

माझं भांडण पुढे आहे. काम किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, ते पूर्ण झालं हे कोण ठरवणार, यातलं काहीच संहितेत नाही. काम चुकवलं तर कैद, हे मात्र लिहिलंय. चुकल्याची शिक्षा आहे, पूर्ण केल्याचं माप नाही!

बद्रचे कैदी आठवा. ज्यांच्याकडे फिद्याला पैसे नव्हते, त्यांनी मदीनेतल्या दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावं आणि सुटावं, असं सीरतमध्ये येतं. ते युद्धकैदी होते, चोर नव्हते, हे कबूल. पण व्यवहार पाहा. काम उपयोगाचं, माप स्पष्ट, माप भरलं की माणूस मोकळा.

आता आपल्याकडे बघू. आमच्या ट्रस्टींना मी म्हटलं, वाचनालयात, कब्रस्तानात माणसं हवीत, अशा पोरांना काम देऊ. उत्तर आलं, "चोरांना आत घेतलं तर आपली इज्जत काय राहील?" कच्च्या कैद्यांत आपला वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, यावर मात्र हेच लोक तावातावाने बोलतात.

मित्रांनो, नुसतं बोलणं पुरे. तुमच्या अंजुमनला, ट्रस्टला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यायला लावा: आमच्याकडे अमुक काम आहे, इतके तास आहेत, हजेरी आम्ही ठेवू, पोरगा कुठल्याही धर्माचा असो. झाडू मारतानाचे फोटो काढणार नाही. आणि काम पूर्ण झालं की त्याला पुन्हा चोर म्हणणार नाही.

शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे. ती न्यायालय पाळू शकत नाही. ती मोहल्ल्यालाच पाळावी लागेल.