फुकटच्या पत्रांची किंमत

मंडणगड तालुक्यात रेल्वे नाही. हापूसची पेटी वाशीच्या बाजारात जायची ती वळणावळणाच्या रस्त्याने, आणि वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले पाहायला येणारा पुणेकर यायचा तोही त्याच रस्त्याने. पत्राला मात्र आता रस्ता लागत नाही. बाणकोटच्या खाडीकाठी राहणाऱ्या मुलीच्या फोनवर अमेरिकेतल्या कुणा जाहिरातपंडिताचे पत्र सकाळच्या चहाच्या आधी येऊन पडते, आणि तेही फुकट! या फुकटच्या पत्रांविषयी यंदा चार शब्द बोलावेसे वाटतात. कारण फुकट आलेल्या वस्तूची किंमत आपण कधी विचारीत नाही, आणि ती मोजावी तर लागतेच.

‘ऑनलाइन मार्केटिंग शिकायचे आहे’ हे वाक्य हल्ली घरोघर ऐकू येते. समजा, वेळासच्या बाजूचे एक घर आहे. मागे पन्नास कलमे, पुढे पडवी, आणि पाहुण्यांसाठी रिकाम्या केलेल्या दोन खोल्या. थोरला मुंबईस नोकरीला, धाकटी पदवी घेऊन घरी आलेली. निम्म्या पेट्या दलालाकडे न देता थेट गिऱ्हाइकाला विकता आल्या आणि हंगामात दोन खोल्या भरल्या, तर तिला भावाच्या मागोमाग मुंबईची वाट धरावी लागणार नाही. ज्या तालुक्याने पिढ्यानपिढ्या आपली माणसे चाकरीसाठी मुंबईला धाडली, तिथे ही गोष्ट लहान नव्हे.

शिकवणीवर्गाची फी ऐकून घर गप्प बसते. मग मुलगी ई-मेलने येणाऱ्या वार्तापत्रांकडे वळते. आज एकाला पत्ता दिला, उद्या दुसऱ्याला; महिन्याभरात तीस-चाळीस मंडळी नेमाने पत्रे धाडू लागतात. न वाचलेल्यांचा ढीग साचतो. पण खरा धोका ढिगाचा नाही, वाचण्याचाच आहे. विक्रीविषयी तासभर वाचले की तासभर विक्री केल्यासारखे समाधान वाटते! पेटी मात्र एकही हललेली नसते.

म्हणून आधी हे समजून घेतले पाहिजे की ही वार्तापत्रे निघतात कशासाठी. युक्ती मुळीच नवी नाही. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीने 1895 साली ‘द फरो’ नावाचे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक काढले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराकडे आरंभी शेतकरी साशंकतेने पाहत. लोखंडाने जमीन नासेल, अशी भीती असे. अशा गिऱ्हाइकाला नुसते ‘घ्या, घ्या’ म्हणून चालत नाही, त्याच्याशी बोलत राहावे लागते. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती कारखान्याचे वार्तापत्र म्हणूनच. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरात ते वर्षानुवर्षे मानाने नांदले. जे पत्र वाचणाऱ्याच्या उपयोगी पडते, ते धाडणाऱ्याचे नाव आपोआप लक्षात राहते, एवढेच त्यामागचे तत्त्व.

तेव्हा आजच्या प्रत्येक वार्तापत्रात दोन धडे असतात. एक, जो त्यात लिहिलेला असतो. आणि दुसरा, ते पत्र आपल्याशी जसे वागते तो. पहिल्यापेक्षा दुसरा धडा पुष्कळदा मोलाचा ठरतो. पत्र निवडताना पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, लिहिणारा स्वतः काय विकतो? त्याचा धंदा जर फक्त ‘धंदा कसा करावा’ हे विकण्याचा असेल, तर सावध असावे. ज्याच्या बागेत एकही कलम नाही त्याने खताविषयी दिलेले व्याख्यान ऐकावे जरूर, पण त्यावर बाग गहाण टाकू नये.

दुसरी, तो आकडे कोणते सांगतो? ‘माझी पत्रे निम्मे लोक उघडतात’ ही फुशारकी आता फारशी कामाची राहिलेली नाही. 2021 मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी सोय दिली की, ती चालू असली म्हणजे पत्र माणसाने न उघडताही उघडल्याची नोंद होऊ शकते. किती जणांनी उत्तर दिले, किती जणांनी माल मागवला आणि त्यास खर्च किती आला, हे जो सांगतो, आणि फसलेला प्रयोगही सांगतो, त्याचे पत्र ठेवावे.

तिसरी, त्याचा आवाज कसा आहे? प्रत्येक पत्रात ‘आजच! शेवटची संधी!’ अशी आरोळी असेल, तर तो बाजारातला पुकारा समजावा. उद्या आपल्या आंब्याच्या गिऱ्हाइकाशीही आपण असेच बोलणार का? जी गोष्ट आपल्याला वाचताना नकोशी होते, ती लिहिण्यास शिकण्यात काय हशील?

चौथी गोष्ट म्हणजे बाहेर पडायचे दार. पत्रे बंद करण्याची खूण सहज सापडते का, आणि ती दाबल्यावर पत्रे खरोखर थांबतात का? 1978 साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुअर्क नावाच्या विक्रेत्याने संगणकांची जाहिरात न विचारता सुमारे चारशे जणांना धाडली; अनाहूत ई-मेलची सुरुवात म्हणून तिचे नाव घेतले जाते. लोक चिडले ते तेव्हापासून! आता गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांवर नियम घातले आहेत: एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय हवी, आणि तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली राहिले पाहिजे. म्हणजे हजारांत तीन माणसे वैतागली की पाठवणाऱ्याची पत वाचकाच्या पेटीपाशीच अडू लागते. हा नियम वाचणाऱ्याइतकाच पुढे लिहू पाहणाऱ्यानेही ध्यानात ठेवावा.

आता प्रश्न, किती पत्रे ठेवावीत? आमच्या मते तीन. एक लिहिण्याच्या कलेविषयी. इंग्रजी वाचवत असेल तर अ‍ॅन हँडली या बाईंचे पंधरवड्याचे पत्र या कामास चांगले. साधे, मैत्रीचे लिहावे कसे हे त्यात दिसते. दुसरे, विचाराला चालना देणारे आणि छोटे. ‘पर्मिशन मार्केटिंग’ हे पुस्तक 1999 मध्ये लिहिणारे सेठ गोडिन रोज चार ओळींचे टिपण धाडतात. गिऱ्हाइकाच्या परवानगीवाचून त्याच्या दारी जाऊ नये, हे त्या पुस्तकाचे सार. तिसरे पत्र मात्र शिक्षकाचे नको, विक्रेत्याचे हवे: जो खरोखर फळे, मसाले, पापड विकतो किंवा पाहुण्यांना खोल्या देतो, अशा एखाद्याचे. तो काही शिकवीत नाही. पण तो हंगामाआधी काय लिहितो, भाव कसा सांगतो, माल उशिरा पोचला तर क्षमा कशी मागतो, हे पाहण्यात अर्धा अभ्यास होतो.

नवे पत्र घेताना चार अंकांची मुदत द्यावी. चार अंकांत आपल्या हातून एकही कृती घडली नाही, तर लेखक कितीही थोर असो, त्यास नमस्कार करून निरोप द्यावा. या पत्रांसाठी ई-मेलचा वेगळा पत्ता ठेवावा आणि आठवड्यातला एकच ठरलेला वेळ. शेजारी एक वही असावी. तिच्यात तीन रकाने: काय वाचले, काय केले, काय आले. तिसरा रकाना सतत कोरा राहू लागला की दोष कुठे आहे ते वहीच सांगेल.

आणि ‘काय केले’ म्हणजे काय करायचे? तर स्वतःचे पत्र लिहायचे. गेल्या वर्षी आंबा नेलेली पंचवीस-तीस घरे आहेत ना? त्यांना आधी विचारावे, पत्र पाठवले तर चालेल का? वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी 2023 साली झालेला कायदाही संमतीवरच भर देतो. मग मोहोर आल्यावर दोन परिच्छेद लिहावेत: कलमे कशी आहेत, थंडी कशी पडली, फळ केव्हा उतरेल. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात परप्रांतीचा आंबाही त्याच नावाने खपवला जातो. अशा वेळी गिऱ्हाइकाला हवा असतो तो भरवसा, आणि तो मोहोरापासून अढीपर्यंतची हकिगत सांगणारे पत्र देते.

खोल्यांचेही तसेच. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. 2006 पासून गावात कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांची सोय घराघरांतून होऊ लागली. पण पिल्ले काही पाहुण्यांची तारीख पाहून वाळूबाहेर येत नाहीत! ‘या दिवशी दिसतीलच’ असे लिहिणाऱ्याची खोली एकदाच भरते. ‘घरटी अमुक आहेत, पिल्ले येण्याचा संभव आहे, खात्री नाही, न आली तरी समुद्र आहे, बाणकोटचा किल्ला आहे, आणि जेवायला सोलकढी आहे’ असे लिहिणाऱ्याकडे तीच माणसे पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना घेऊन येतात. हे कोणत्याही पंडिताच्या पत्रात वाचण्यापूर्वी आपल्या आजीला ठाऊक होते. फरक इतकाच की तिचे गिऱ्हाईक अंगणात उभे असे, आणि आपले दादरला किंवा कोथरूडला.

दिवाळीला मोहोर धरायला अवकाश असतो आणि गुढीपाडवा चारपाच महिन्यांवर असतो. शिकायला एवढा काळ पुरे. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आहेच. तिच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखावेत आणि दुसऱ्या पानावर त्या पंचवीस-तीस घरांची नावे लिहावीत. चाळिसांतली सदतीस पत्रे बंद करायला पाडव्याची सकाळ पुरते.