12 जोड्या नुसत्या पाठ करून घेऊ नका



'कर्पर चेतांच्या किती जोड्या?' असं विचारलं की मुलं झोपेतसुद्धा '12' म्हणतील. मेरू चेता 31. एक गुण मिळाला, धडा संपला. माझं म्हणणं असं की तो तिथे संपवू नका. मेंदूतून निघणाऱ्या या चेता डॉक्टर ज्या रीतीने तपासतात, त्यातलं बरंचसं वर्गात, दोन-दोन मुलांच्या जोडीत, एका तासिकेत होतं. कॉफीची पूड आणि एक टॉर्च पुरे.

डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून कॉफी ओळखायची, ही पहिली चेता. इथे बाम देऊ नका हं! बामाचा झोंबरेपणा पाचव्या चेतेला कळतो, त्यामुळे वास न येणारं मूलही 'आला' म्हणेल. मान न हलवता मित्राच्या बोटामागे नजर फिरवली की तिसरी, चौथी, सहावी झाली. दात आवळून गालावर हात ठेवला की पाचवीचे स्नायू हाताला लागतात. 'आ' करून टॉर्चने पडजीभ बघायची, ती सरळ वर जायला हवी. शेवटी जीभ बाहेर काढायची. वर्ग हसतो, हसू द्या.

सातवीवर मात्र थांबा. भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येते, तोंडाजवळच्या स्नायूंना मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. म्हणून पक्षाघातात तोंड वाकडं झालं तरी कपाळाला बहुधा आठ्या पडतात. सातवी चेताच बिघडली तर कपाळही सपाट राहतं. हा फरक समजण्यासाठी आहे, घरी निदान करत बसण्यासाठी नाही. आजोबांचं तोंड अचानक वाकडं झालं तर 'वारं गेलं' म्हणत तेल चोळण्यात वेळ जातो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते घरात 'आत्ता दवाखान्यात चला' म्हणेल.

'आपण काय डॉक्टर आहोत का?' असं काही सहकारी विचारतात. नाही आहोत. कुणात काही वेगळं दिसलं तर वर्गात बोलायचं नाही, पालकांना बाजूला घेऊन सांगायचं.

दुसरी चेता मी गृहपाठाला देते. धाकट्या भावंडाचा एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावायचं. लहानाला आकडे येत नसतील तर चित्रं चालतील. एक डोळा अधू असला तरी मूल दुसऱ्यावर निभावून नेतं, तक्रार करत नाही आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. आळशी डोळ्याला सात-आठ वर्षांच्या आत उपचार मिळाले तर गुण जास्त येतो. डोळा झाकताना तळहात वापरायला सांगा, बोटं नकोत. पोरं फटीतून बघतात.